लहान झालेला ध्वनी आणि त्याची पातळी

संगणकावर साठवलेले ध्वनिमुद्रण जागा वाचवण्यासाठी लहान करून ठेवण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. गाण्यांचे संग्रह, भाषणे, अंधांसाठी तयार केलेली बोलकी पुस्तके, भाषाशिक्षणाचे पाठ या सर्वांच्या फाईली बहुधा अशा संक्षिप्त स्वरूपातच हातोहात फिरतात. परंतु फाईल लहान केल्यावर पुष्कळांना एक चमत्कारिक अनुभव येतो. गाणे तेच, गायक तोच, यंत्राची कळही त्याच जागी. तरीही आवाज पूर्वीपेक्षा बारीक किंवा मोठा लागतो. कधी हा फरक सबंध गाण्यात सारखा असतो, तर कधी केवळ तानेच्या टोकाला किंवा तबल्याच्या थापेवर आवाज फाटतो. पातळी बदलावी अशी आज्ञा यंत्राला कोणीही दिलेली नसते. मग हा बदल येतो कोठून?

प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. लाखेची तबकडी झिजते, चुंबकीय फीत ठिसूळ होते, आणि एक दिवस संगणकातील प्रत तेवढी शिल्लक राहते. त्या प्रतीत शिरलेला दोष पुढच्या पिढीला मूळ गायकाचाच दोष वाटेल. म्हणून हा बदल कशामुळे होतो, त्यांपैकी कोणता निरुपद्रवी आणि कोणता कायमची हानी करणारा, हे ध्वनिसंग्रह सांभाळणाऱ्या प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे. सुदैवाने येथे एक वाट सापडते: बदल किती आणि कोठे झाला हे मोजले, की त्या मापावरूनच बहुधा त्याचे कारण ओळखता येते.

आकड्यांत बांधलेला ध्वनी

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. मायक्रोफोन त्यांचे विद्युत्‌दाबाच्या चढउतारांत रूपांतर करतो, आणि संगणकासाठी हा विद्युत्‌दाब ठराविक कालांतराने मोजून आकड्यांत लिहिला जातो. अशा प्रत्येक मोजणीला ‘नमुना’ म्हणतात. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये डावा आणि उजवा असे दोन मार्ग असून प्रत्येक मार्गात दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात. प्रत्येक नमुना सोळा द्विमान अंकांत लिहितात. सोळा द्विमान अंकांत ६५,५३६ निरनिराळ्या किमती मावतात. त्यांचा विस्तार उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंत असतो.

या शेवटच्या आकड्याकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. फितीवर आवाज मर्यादेबाहेर गेला तर तो हळूहळू बिघडत असे. आकड्यांच्या व्यवस्थेत अशी सवलत नाही. ३२,७६७ च्या पुढे आकडाच उपलब्ध नसल्यामुळे तरंगाचे शिखर त्याहून उंच गेले, की ते वरून सपाट छाटले जाते आणि कानाला खरखर जाणवते. या वरच्या मर्यादेला ‘छत’ म्हणणे सोयीचे होईल. ध्वनीची पातळी डेसिबेलमध्ये मोजताना छताला शून्य मानतात आणि त्याखालच्या पातळ्या उणे संख्यांनी दाखवतात. तरंगाची उंची निम्मी झाली, की पातळी सुमारे ६ डेसिबेलने उतरते. कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटण्यासाठी मात्र ती साधारणपणे १० डेसिबेलने उतरावी लागते.

अशा रीतीने लिहिलेल्या ध्वनीला जागा पुष्कळ लागते. दोन्ही मार्ग मिळून सेकंदाला १४ लाखांहून अधिक द्विमान अंक होतात. एमपीथ्री या सुपरिचित पद्धतीत तेच गाणे बहुधा सेकंदाला १ लाख २८ हजार अंकांत बसवले जाते, म्हणजे मूळ आकाराच्या अकराव्या हिश्श्यात. अकरा भागांतील दहा भाग टाकून देऊनही गाणे ओळखू येते, एवढेच नव्हे तर बऱ्याच श्रोत्यांना फरकही जाणवत नाही. हे कसे साधते ते पाहिल्यावाचून पातळीच्या बदलाचा उलगडा होणार नाही.

बंगळूरशी जोडलेले दोन धागे

या विद्येच्या पायाभरणीत बंगळूर शहराशी निगडित असलेल्या दोन अभियंत्यांचा वाटा मोठा आहे. त्यांपैकी पहिले नासिर अहमद. १९४० साली बंगळूरमध्ये जन्मलेल्या अहमद यांनी त्याच शहरातील विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६१ साली पदवी घेतली आणि पुढील शिक्षणासाठी ते अमेरिकेस गेले. कॅन्सस राज्य विद्यापीठात अध्यापन करीत असताना १९७२ साली त्यांनी एका नव्या गणिती रूपांतराच्या अभ्यासासाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. ते मिळाले नाही. अहमद यांनी काम सोडले नाही. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि टेक्सास विद्यापीठातील के. आर. राव यांच्या साहाय्याने त्यांनी हे रूपांतर सिद्ध केले आणि जानेवारी १९७४ मध्ये त्यावरील लेख प्रसिद्ध झाला. ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’, म्हणजे विविक्त कोज्या-रूपांतर, हे त्याचे नाव.

त्यामागची कल्पना अशी. नमुन्यांची एखादी रांग घेतली, तर शेजारचे आकडे बहुधा एकमेकांशी मिळतेजुळते असतात. ती रांग जशीच्या तशी लिहिण्याऐवजी, निरनिराळ्या कंप्रतेचे कोज्या-तरंग कोणत्या प्रमाणात मिसळले असता ती तयार होईल, ते लिहिता येते. आकड्यांची संख्या तेवढीच राहते. पण आता थोड्या आकड्यांत बहुतेक सारा ऐवज गोळा होतो आणि उरलेले आकडे क्षुल्लक ठरतात. क्षुल्लक आकडे ढोबळपणे लिहिले किंवा वगळले तरी चालते. याच रूपांतराचा पुढचा अवतार जॉन प्रिन्सेन आणि ॲलन ब्रॅडली यांच्या १९८६-८७ मधील कामातून निघाला. त्यात लगतच्या रांगा एकमेकींवर अर्ध्या सरकवून ठेवतात, त्यामुळे त्यांच्या सांध्यावर खटका ऐकू येत नाही. एमपीथ्री, एएसी यांसारख्या पद्धतींत हाच अवतार वापरलेला आहे.

दुसरे अभियंते एन. एस. जयंत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेची डॉक्टरेट त्यांना १९७० साली मिळाली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत त्यांनी वाणी आणि ध्वनी यांच्या अंकीय संकेतनावर दीर्घकाळ काम केले. पीटर नॉल यांच्यासह लिहिलेला त्यांचा १९८४ सालचा ग्रंथ या विषयाचा प्रमाणग्रंथ मानला गेला. मानवी श्रवणाच्या मर्यादा ओळखून संकेतन करावे या विचाराला बेल प्रयोगशाळेत जेम्स जॉन्स्टन यांनी आणि जर्मनीतील एर्लांगेन येथे कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष रूप दिले. त्यातून सिद्ध झालेले मानक १९९३ साली प्रसिद्ध झाले. त्याचा तिसरा स्तर म्हणजेच एमपीथ्री.

कानाला न कळणारे काय, याचा हिशेब

मोठ्या आवाजाच्या निकट कंप्रतेचा बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही. मोठा आवाज त्याला झाकून टाकतो. गायकाने खड्या आवाजात षड्ज लावला, की तंबोऱ्याच्या जवारीतील कित्येक सूक्ष्म स्वर त्याखाली लपतात. गायक थांबला, की ते पुन्हा ऐकू येतात. ते नाहीसे झालेले नसतात. कान त्यांची दखल घेत नसतो. संकेतन करणारी आज्ञावली प्रत्येक क्षणी हाच हिशेब मांडते. एमपीथ्रीमध्ये ध्वनीचा लहानसा तुकडा ५७६ कंप्रता-घटकांत विभागला जातो. जे घटक स्पष्ट ऐकू येणार ते बारकाईने लिहिले जातात, जे झाकले जाणार ते ढोबळ आकड्यांत पूर्ण केले जातात, आणि फार उंच कंप्रतेचे घटक पुष्कळदा वगळले जातात.

येथे एक गोष्ट स्पष्ट व्हावी. कोज्या-रूपांतर स्वतः पातळी बदलत नाही. ते उलट केले, की जसे होते तसे आकडे परत मिळतात. हानी होते ती आकडे ढोबळ करताना. ती हानीही अशी वाटलेली असते, की एकूण ऊर्जेत फारसा फरक पडू नये. वगळलेल्या उंच घटकांची ऊर्जा मुळातच अल्प असते. म्हणून पुरेशा अंकांत नीट केलेल्या संकेतनाने गाण्याची सरासरी पातळी कानाला जाणवेल इतकी बदलता कामा नये. ती कित्येक डेसिबेलने बदलली असेल, तर कारण संकेतनात नव्हे, अन्यत्र शोधावे.

परंतु सरासरी पातळी राखली गेली म्हणजे तरंगाचा आकार राखला गेला, असे मात्र नव्हे. संक्षिप्त फाईल कानाला पटेल असा नवा तरंग तयार करते. तो मूळ तरंगाचा जवळचा नातेवाईक असतो, प्रतिमा नव्हे. आणि त्याची शिखरे मूळ शिखरांहून उंच असू शकतात.

वजाबाकीने वाढणारे शिखर

काही काढून टाकल्यावर उंची वाढावी हे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. जमाखर्चाच्या वहीशी तुलना केली, तर ते सहज पटेल. वहीतील लहान रकमा क्षुल्लक म्हणून वगळल्या आणि त्यांतील बहुतेक खर्चाच्या बाजूच्या निघाल्या, तर शिल्लक कमी न होता वाढलेली दिसेल. तरंगांचेही तसेच आहे. एका क्षणी एक घटक वर ढकलत असतो, तर दुसरा खाली ओढत असतो. खाली ओढणारा घटक नाहीसा झाला, की शिखर वर जाते.

याचे शुद्ध उदाहरण चौकोनी तरंगाचे. समजा, एका तरंगाची उंची सर्वत्र १०० असून त्याचा माथा पूर्णपणे सपाट आहे. गणित असे सांगते, की असा तरंग मूळ कंप्रतेचा एक मोठा घटक आणि तिच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंप्रतेचे क्रमाने लहान होत जाणारे घटक यांच्या बेरजेने बनतो. यांतील पहिल्या घटकाची उंची १०० नसून १२७ असते. तिसऱ्या पटीचा घटक ऐन शिखराच्या जागी त्याला खाली दाबतो, इतर घटक उरलेले चढउतार सपाट करतात, आणि सर्वांच्या मेळाने माथा १०० वर स्थिर होतो. आता वरचे सर्व घटक काढून केवळ पहिला ठेवला, तर शिखर १२७ वर जाईल. पहिले दोन ठेवले तर १२०, आणि पहिले तीन ठेवले तर ११९. बारीक घटक वगळल्यामुळे शिखर दीड ते दोन डेसिबेलने उंचावले.

खरे संगीत चौकोनी तरंगांचे बनलेले नसते हे खरे. परंतु १९९० नंतर बाजारातील पुष्कळ ध्वनिमुद्रणे मोठ्याने ऐकू यावीत म्हणून इतकी वर रेटली गेली, की त्यांची शिखरे छतापाशी जवळजवळ सपाट झाली. अशा ध्वनिमुद्रणाचे संकेतन केले, की त्याच्या शिखरांना वर जाण्यास जागाच नसते. याउलट, मैफलीचे ध्वनिमुद्रण करताना वर पुरेशी मोकळी जागा ठेवली असेल, तर शिखर दोन डेसिबेलने वाढूनही काही बिघडत नाही. म्हणून एकाच आज्ञावलीने केलेल्या दोन फाईलींपैकी एक फाटते आणि दुसरी फाटत नाही. दोष आज्ञावलीत नसून मूळ ध्वनिमुद्रणात जागा न ठेवण्यात असतो.

डाग नेमका केव्हा पडतो

याबाबत एक महत्त्वाचा तपशील पुष्कळांना ठाऊक नसतो. संक्षिप्त फाईलीत नमुने लिहिलेले नसतात, कंप्रता-घटकांची प्रमाणे लिहिलेली असतात. आणि त्यांना ३२,७६७ ची मर्यादा लागू होत नाही. म्हणून शिखर संकेतन करताना छाटले जात नाही. फाईल उलगडून तिचे पुन्हा सोळा अंकांचे नमुने केले जातात, तेव्हा ते छाटले जाते. डाग फाईलीत नसतो, तो वाचताना पडतो.

यातून एक उपायही निघतो. एमपीथ्रीच्या प्रत्येक तुकड्यात एक आकडा असा असतो, की तो त्या तुकड्याची एकंदर पातळी ठरवतो. तो एका पायरीने बदलला, की पातळी सुमारे १.५ डेसिबेलने सरकते. बाकीचे आकडे तसेच राहतात, फाईलीचे पुन्हा संकेतन करावे लागत नाही, आणि पायरी उलट फिरवली की पूर्वस्थिती येते. अशा दोन पायऱ्या खाली उतरल्या, की फाटणारे गाणे बहुधा पुन्हा स्वच्छ ऐकू येते. मात्र फाटलेल्या स्वरूपात उलगडलेली फाईल पुन्हा साठवली गेली, तर छाटलेले शिखर कायमचे गेले. त्यानंतर पातळी कितीही उतरवली तरी शिखर सपाटच राहते.

शिखराविषयी आणखी एक सूक्ष्म मुद्दा आहे. खरा तरंग दोन नमुन्यांच्या मधूनही वाहत असतो, आणि त्याचा माथा नेमका दोन नमुन्यांच्या दरम्यान येऊ शकतो. नमुन्यांच्या दराच्या एक चतुर्थांश कंप्रतेचा तरंग विशिष्ट जागी मोजला गेला, तर सर्व नमुने खऱ्या शिखराच्या ३ डेसिबेल खाली पडतात. नमुन्यांकडे पाहून सुरक्षित वाटणारे ध्वनिमुद्रण प्रत्यक्षात छताच्या वर असू शकते. म्हणून मोजमापाच्या आधुनिक मानकांत नमुन्यांच्या मधल्या जागाही गणिताने भरून ‘खरे शिखर’ काढण्याची तरतूद आहे.

दोन मार्गांची बेरीज

आतापर्यंतच्या विवेचनात पातळीचा बदल शिखरापुरता होता. सबंध गाणेच ३ किंवा ६ डेसिबेलने बदललेले आढळले, तर पहिला संशय मार्गांच्या मिश्रणावर घ्यावा. जागा वाचवण्यासाठी डावा व उजवा मार्ग पुष्कळदा एकत्र करतात. दोन्ही मार्गांत एकच ध्वनी असेल आणि त्यांची नुसती बेरीज केली, तर पातळी ६ डेसिबेलने वाढते. बेरजेचा निम्मा भाग घेतला, तर ती कायम राहते. दोन मार्गांत एकमेकांशी संबंध नसलेले ध्वनी असतील, तर निम्म्या बेरजेत प्रत्येक मार्गाच्या मानाने पातळी सुमारे ३ डेसिबेलने उतरते. आणि एका मार्गाचा तरंग दुसऱ्याच्या नेमका उलटा असेल, तर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात व ध्वनी नाहीसा होतो.

७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या उतरवून घेताना हे सारे प्रकार प्रत्यक्ष अनुभवास येतात. या तबकड्यांवर एकच मार्ग असतो, पण आजचे सुईचे यंत्र बहुधा दोन मार्गांचे असते. खाचेच्या दोन्ही भिंतींवरून सुईला तोच आवाज मिळतो. खरखर मात्र प्रत्येक भिंतीची थोडीफार वेगळी असते. दोन्हींची सरासरी घेतली, की गायकाचा आवाज तसाच राहतो आणि खरखर काहीशी कमी होते. हे मिश्रण फायद्याचे ठरते. परंतु एका बाजूची तार उलटी जोडली गेली, तर आवाज जातो आणि खरखर उरते. संकेतनास दोष देण्यापूर्वी अशा गोष्टी तपासून पाहाव्यात.

तबकड्यांच्या बाबतीत दुसरा फसवा प्रकार असा. पुष्कळ आज्ञावल्यांत ध्वनी आपोआप ‘योग्य’ पातळीवर आणण्याची सोय असते. ती सर्वांत उंच शिखर शोधते, ते छतापाशी येईपर्यंत सबंध ध्वनी वाढवते आणि तेथे थांबते. झिजलेल्या तबकडीवर मात्र सर्वांत उंच शिखर गायकाचे नसून चरेमुळे उमटलेल्या एखाद्या खटक्याचे असते. छत खटक्याने अडवले, की गाणे खालीच राहते. त्याच तबकडीची दुसरी बाजू स्वच्छ असली, तर तेथील आवाज मोठा होतो. एकाच गायकाच्या, एकाच दिवशी मुद्रित झालेल्या दोन बाजूंत असा विनाकारण फरक पडतो.

फाईलीवरील सूचना आणि कानाचे माप

काही वेळा फाईलीतील ध्वनीला धक्काही लागलेला नसतो, तरी पातळी बदलते. याचे कारण फाईलीसोबत लिहिलेली सूचना. २००१ साली डेव्हिड रॉबिन्सन यांनी ‘रिप्लेगेन’ नावाची योजना सुचवली. तीत गाण्याचा सरासरी मोठेपणा मोजून, वाजवताना ते किती वर किंवा खाली घ्यावे हा आकडा फाईलीच्या नोंदींत लिहून ठेवतात. जे वादनयंत्र ती नोंद वाचते त्यावर गाणे एका पातळीवर वाजते, जे वाचत नाही त्यावर दुसऱ्या. मूळ फाईलीवर नोंद नसून संक्षिप्त फाईलीवर असेल, किंवा याच्या उलट असेल, तर संकेतनानेच आवाज बदलला असा समज होतो. इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या अनेक सेवाही सर्व गाणी सारख्या मोठेपणाने ऐकू यावीत म्हणून अशीच योजना वापरतात.

अशा योजनांमागे एक जुने सत्य आहे: शिखराची उंची म्हणजे आवाजाचा मोठेपणा नव्हे. मृदंगाच्या थापेचे शिखर क्षणभर फार उंच जाते, पण कान त्याला सलग आलापाइतके मोठे मानत नाही. कंप्रतेनुसारही कानाची संवेदनशीलता बदलते. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली प्रयोगांनी ते दाखवून दिले. या ज्ञानाच्या आधारे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ साली मोठेपणा मोजण्याची एक प्रमाण रीत जाहीर केली. तिच्या आधारे युरोपीय प्रक्षेपण संघाने २०१० साली कार्यक्रमांसाठी उणे २३ ही पातळी ठरवून दिली. खरे शिखर छताच्या किमान १ डेसिबेल खाली राहावे, असेही सांगितले.

कानाच्या आणखी एका स्वभावाची जाणीव ठेवावी लागते. दोन प्रती लागोपाठ ऐकवल्या आणि त्यांतील एक किंचित मोठी असली, तर ऐकणाऱ्याला ती केवळ मोठी वाटत नाही, अधिक चांगली वाटते. म्हणून मूळ प्रत आणि संक्षिप्त प्रत यांची तुलना करण्यापूर्वी दोन्हींचा मोठेपणा मोजून सारखा करावा. ही दक्षता घेतली नाही, तर गुणांविषयीचा निर्णय प्रत्यक्षात पातळीविषयीचा ठरतो.

मापावरून कारण

आतापर्यंतच्या चर्चेतून तपासणीचा एक क्रम हाती येतो. सरासरी मोठेपणा जवळजवळ तोच असून केवळ शिखरे एक-दोन डेसिबेलने वाढली असतील, तर तो संकेतनाचा स्वाभाविक परिणाम होय. सबंध गाणे ३ किंवा ६ डेसिबेलने सरकले असेल, तर मार्गांचे मिश्रण तपासावे. बदल १.५ डेसिबेलच्या पटीत असेल, तर एमपीथ्री फाईलीतील पातळीचा आकडा कोणीतरी बदललेला असण्याचा संभव मोठा. प्रत्येक गाण्यात बदल निराळा असेल आणि वादनयंत्र बदलताच नाहीसा होत असेल, तर तो फाईलीवरील सूचनेचा परिणाम होय. गाणे सबंधच बारीक लागत असेल आणि त्यात कोठेतरी एखादा मोठा खटका असेल, तर शिखर मोजून पातळी ठरवणाऱ्या सोयीने फसवले, असे समजावे.

उपायही याच क्रमाने येतात. संकेतनापूर्वी ध्वनीचे शिखर छताच्या एक-दोन डेसिबेल खाली आणावे. १ डेसिबेल खाली म्हणजे ३२,७६७ च्या जागी सुमारे २९,२०० वर. कानाला हा फरक जेमतेम जाणवतो. पातळी ठरवताना शिखरापेक्षा मोठेपणाचे माप प्रमाण मानावे. खटके आधी काढावेत, पातळी मागाहून ठरवावी. आणि संक्षिप्त फाईल उलगडून पुन्हा संक्षिप्त करण्याचे टाळावे, कारण प्रत्येक खेपेस आकडे नव्याने ढोबळ होतात.

भारतात गायनाच्या तबकड्यांचे मुद्रण १९०२ साली कोलकात्यात फ्रेड गैसबर्ग यांनी सुरू केले. तेव्हा ज्यांचा आवाज मुद्रित झाला त्या गौहरजान यांनी आपले अखेरचे दिवस म्हैसूरमध्ये काढले आणि १९३० साली तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे चरित्र लिहिणारे विक्रम संपत यांनी बंगळूरमध्ये ‘आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक’ हा संग्रह उभारून जुन्या तबकड्या अंकीय स्वरूपात आणण्याचे काम हाती घेतले. सुमारे तीन मिनिटांत आटोपणाऱ्या त्या गाण्यांतील एखादी फिरत किंवा एखादा खडा स्वर हाच त्या काळच्या गायकीचा प्रत्यक्ष पुरावा आहे. म्हणूनच ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या मार्गदर्शिकेनुसार जतनाची प्रत संक्षिप्त नसावी. ती सेकंदाला किमान ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्यास २४ द्विमान अंक या प्रमाणात घ्यावी. चोवीस अंकांत बारकावे इतके मावतात, की गाणे छताच्या बरेच खाली ठेवूनही काही हरवत नाही.

संक्षिप्त फाईल ही वाचकाच्या हाती द्यावयाची प्रत आहे, कपाटात जपून ठेवावयाची नव्हे. ती कानाशी प्रामाणिक असते, तरंगाशी नसते. आणि तिच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवली, तर ती आपले काम उत्तम करते. मूळ प्रत सुरक्षित असेल, तर संक्षिप्त प्रतीतील पातळीचा कोणताही दोष पुन्हा नवी प्रत काढून दूर करता येतो. मूळ प्रतच नष्ट केली, तर छाटलेले शिखर परत आणण्याचा मार्ग उरत नाही.